यादीतली पहिली ओळ

तुझ्या तेरवीले मी वरण वाढून राहिली होती. पहिली पंगत बसली, अन् काकूनं, तुझ्या आईनं, मले आत बोलावलं. हातातली बादली घेऊन खाली ठेवली, स्वयंपाकघराचं दार लोटलं अन् म्हणाल्या, "समाजाच्या मंडळाच्या अंकात तू लिहून राहिली म्हणते तिच्यावर. खरं का?"

"हो काकू. दोन-तीन पानं मागितली आहेत."

"लिही. तू नाही लिहिणार तर कोण लिहीन? पण एक कर बेटा. तिचं नाव लिहायचं असन तर आजार नको लिहू. आजार लिहायचा असन तर नाव नको लिहू. दोन्ही संग नको. लहानीचं लगन व्हायचं आहे अजून."

मी मान हलवली. काकूनं डोळ्याले पदर लावला, मग बादली उचलून माझ्या हाती दिली, अन् मी वरण वाढाले बाहेर आली.

बाहेर सगळ्यांले पीलिया सांगितला होता, कावीळ. पंगतीत एक बाई म्हणाली, "पीलियानं कोणी मरते का आता?" तर दुसरी म्हणाली, "मरते वं, लिव्हर गेलं की मरते." मी दोघींच्या पत्रावळीवर वरण वाढलं. भिंतीवर तुझ्या फोटोले हार घातला होता. दहावीतला, दोन वेण्यांचा, तुले बिलकूल न आवडणारा. तू असती तर माझ्या कानात म्हणाली असती, "एवढी मोठी झूट, अन् वरण एवढं पातळ?"

तुले विचारायची सोय असती तर तू काय सांगितलं असतं, मले माहीत आहे. नाव लिही, आजार लिही, फोटो छाप, रोल नंबर पण टाक. तू तशीच होती, बह्याड, येडी. पण तू नाहीस अन् तुझी बहीण, लहानी, आहे, अन् काकू माझ्यासमोर उभ्या होत्या. म्हणून मी ठरवलं, आजार लिहीन, नाव नाही लिहिणार. लेखात तुझं घर मी बोरसीले ठेवलं आहे, तुझ्या बाबाले रेल्वेत ठेवलं आहे. खरं काय ते तुले माहीत अन् मले माहीत. ओळखणारे ओळखतीलच, त्याले माझा इलाज नाही. तर घे. सिकलसेल. लिहिलं.

आठवते का, कुठं भेटलो आपण? युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षी रक्त तपासणीचं शिबिर लागलं होतं. सगळ्यांची बोटं टोचली, अन् आठ-दहा दिवसांनी काही पोट्ट्यापोट्टींले परत बोलावलं. मले पण. कावून बोलावलं ते कोणी सांगेना. मी बाकावर बसली होती, अन् बाजूले तू. डोळ्यांत काजळ भरून, मांडीवर दोन लिटरची निळी बॉटल घेऊन. "एएस का एसएस?" तू विचारलं. मी म्हटलं, "मी बीएससी." तू एवढ्या जोरात हसली की आतून कंपाउंडर पाहाले आला.

मग तूच समजावलं. एएस म्हणजे अर्धी. माणसाले स्वतःले काही होणार नाही, पण ते रक्तात राहील अन् पुढं पोरांत जाईल. एसएस म्हणजे पुरी. आई अर्धी अन् बाप अर्धा असला की एखादं पोरगं पुरं निघते. "मी पुरी आहे," तू म्हणाली. पाच वर्षांची होती तेव्हापासून माहीत होतं तुले.

"मग तुले परत कशाले बोलावलं?"

"मले कोणी नाही बोलावलं. मी माणसं जमवाले आली."

त्या दिवशी मले तुझा रागच आला होता, खरं सांगतो. माझ्या हातात एएस लिहिलेल्या रिपोर्टचं पाकीट, अन् ही पोट्टी क्लब काढून राहिली. पण घरी जाऊन मी ते पाकीट आईले दाखवलं, अन् आईनं ते वाचलं पण नाही. कपाटात, साड्यांच्या खाली, आजीच्या पोथीच्या पण खाली ठेवून दिलं अन् म्हणाली, "कोणी विचारलं तर पाहू." एवढंच. त्या घरात त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी मी तुले शोधत कँटीनच्या मागं आली, कारण ज्याच्याशी बोलता येईल असं दुसरं माणूसच नव्हतं मले.

कँटीनच्या मागचा तो ओटा. शनिवारी सुट्टी झाली की तिथं बसायचो आपण. कोणी गोंदियाकडचं, कोणी भंडाऱ्याकडचं, बाकी इथलेच छत्तीसगढी. दोन-तीन तुझ्यासारखे पुरे, बाकी माझ्यासारखे अर्धे. पाणी कमी झालं की तुझं दुखणं उसळायचं, म्हणून सगळ्यांजवळ बॉटल पाहिजे हा तुझा कायदा. पावर हाउस बाजारातल्या दुकानात तू एकसारख्या सोळा निळ्या बॉटला मागितल्या. दुकानदार म्हणे, "बारात है क्या?" तू म्हणाली, "हाँ भैया, बिना दूल्हे की." तेव्हापासून पोट्टे आपल्याले पानी क्लब म्हणायचे. रोज सकाळी तुझा मेसेज यायचा, "पाणी?" अन् सगळ्यांनी लिहायचं, "पिलं." नाही लिहिलं तर तू फोन करून चिल्लावायची.

मी तुझं दुखणं पहिल्यांदा पाहिलं ते त्याच ओट्यावर. तू बोलता बोलता थांबली. मांडी धरली. ओरडली नाही, नुसती ओठ चावून राहिली अन् चेहरा राखेसारखा झाला. मी विचारलं कसं दुखते, तर तू म्हणाली, "हाडाच्या आत कोणी पाना घालून पिळून राहिलं." मग दहा मिनिटांनी म्हणाली, "पाना पण गंजलेला आहे मेला." मी रडत होती अन् तू मलेच हसवून राहिली होती. ऑटोत घालून नेलं तुले आम्ही. पाच दिवस दवाखाना, अन् परत आली तर मॅडम म्हणे, अटेंडन्स कमी आहे तुझी.

क्लबले युनिव्हर्सिटीची मान्यता मिळवायचं खूळ तिथून सुरू झालं. तू पेपरात एकदा बाहेर जाऊ द्या म्हटलं होतं, पाणी संपलं होतं, दुखणं सुरू झालं होतं. पर्यवेक्षक बाईनं सगळ्यांसमोर तुझी झडती घेतली, बाहीत चिठ्ठी आहे का पाहाले. "ड्रामा बंद करो" म्हणाली. तू बसून पेपर पुरा लिहिला अन् पास पण झाली. पण त्यानंतर तू मले म्हणाली, "माझ्या तोंडावर कोणी विश्वास नाही ठेवत वं. शिक्क्यावर ठेवतात. मले शिक्का पाहिजे." मान्यता मिळाली की क्लबच्या कागदावर युनिव्हर्सिटीचा शिक्का येईल, तो कागद सगळ्या विभागांत जाईल, पेपरात पाण्याची बॉटल चालेल, दुखणं आलेल्या पोरीले कोणी नाटकी म्हणणार नाही. बसाले एक खोली मिळेल. गार्ड ओट्यावरून उठवणार नाही. बस, एवढंच पाहिजे होतं तुले.

अन् ते मिळत होतं, बाप्पा. मिळत होतं! तुले आठवते ना छात्र कल्याणचे साहेब? त्यांनी पानी क्लब ऐकलं होतं. फाइल उघडून म्हणाले, "अच्छा, पर्यावरण वाला ग्रुप! बहुत बढ़िया. ऐसे क्लब की तो ज़रूरत है. कर देंगे." पेनाचं टोपण काढलं होतं त्यांनी. मी टेबलाखालून तुझा पाय दाबला. अन् तू काय म्हणाली? "नहीं सर. सिकलसेल वाला." साहेबांनी टोपण परत लावलं. म्हणाले, हा मेडिकलचा विषय आहे, असं थोडीच होते, आता पूर्ण नियमानं या. पंचवीस नियमित विद्यार्थी, नाव, नामांकन नंबर, सही. अन् ती यादी सात दिवस बोर्डावर लागेल, कोणाची हरकत आहे का पाहाले.

जिन्यावर मी तुले काय काय नाही बोलली. "एक शब्द गिळला असता तर काय गेलं असतं तुझं? पाण्याच्या नावावर खोली घेतली असती, आत बसून काय बोलतो ते कोण पाहते?" तू एक एक पायरी उतरत होती, कठडा धरून. म्हणाली, "अन् पेपरात काय सांगू? मी पर्यावरण आहे, मले पाणी पिऊ द्या?"

मी म्हटलं, "पंचवीस जणांची नावं बोर्डावर! कोणाचं लगन होईन का इथं?"

"तेच तर," तू म्हणाली. "म्हणून पाहिजे."

मले तेव्हा तू बरोबर वाटली नव्हती. आज पण पुरी नाही वाटत. एवढं भांडण बाकी आहे आपलं, अन् तू निघून गेली.

दोन वर्षं लागली पंचवीस नावांले. शनिवारी ओट्यावर बॉटल घेऊन बसणारे पोट्टे तू पेन काढला की उठायचे. एका पोरीनं नामांकन नंबर मुद्दाम चुकीचा लिहिला, तू तो रजिस्टरमधून शोधून काढून तिच्यासमोर ठेवला अन् ती तुझ्याशी कधी बोलली नाही. दुर्गच्या त्या उंच पोराचं आठवते? हात जोडून म्हणे, "दीदी, खून चाहिए तो ले लो, नाम मत माँगो." तू त्याच्या मागं सहा महिने होती. शेवटी त्यानं सही केली तेव्हा तुझ्यापेक्षा मीच जास्त उड्या मारल्या. एक नंबरवर तुझं नाव, अध्यक्ष. दोन नंबरवर माझं, सचिव, कारण माझं अक्षर चांगलं. पंचविसावं नाव गुरुवारी मिळालं. सोमवारी फॉर्म द्यायचा होता. सचिव म्हणून फॉर्म माझ्या घरी होता.

रविवारी तुमसरचे पाहुणे आले मले पाहाले.

तुले सगळं आधीच सांगितलं होतं मी. पोरगा बँकेत, एकुलता, फोटोत उंच, फोनवर बोलाले शांत. मले आवडला होता, खोटं कशाले बोलू. तू एकच विचारलं होतं, "तपासणी झाली का त्याची? विचारलं?" मी म्हटलं, "असं कसं विचारायचं? पत्रिका विचारतात, पगार विचारतात, रक्त कोण विचारते?"

"माझ्या आई-बाबानं पण नव्हतं विचारलं."

मी पटकन बोलून गेली, "विचारलं असतं तर तू नसती."

तू बॉटलचं झाकण फिरवत म्हणाली, "मी पण तेच म्हणून राहिली."

पाहुणे चहा पिऊन गेले. पसंती तिथंच सांगितली त्यांनी. आईनं हुडको कॉलनीतल्या आमच्या लोकांच्या तीन घरांत पेढे वाटले अन् परत आली तर टेबलावर तो फॉर्म. मीच वेंधळ्यासारखा उघडा ठेवला होता. आईले हिंदी वाचता येते, अन् हे तर दुरूनही वाचता आलं असतं. वरती मोठ्या अक्षरांत सिकलसेल होतं, तूच ठळक करवून घेतलं होतं. आई खाली बसली. "लगन जुळून राहिलं, अन् तू बोर्डावर नाव लावून राहिली? तुमसरची पोरगी तुमच्या त्या युनिव्हर्सिटीत शिकत नसन का कोणी? एका फोनचं काम आहे." बाबा शिफ्टवरून आले, त्यांनी फॉर्म वाचला, मले काहीच म्हटलं नाही, चपला काढल्या अन् आत गेले. बाबांनी काही न म्हणणं मले सहन होत नाही, तुले माहीत आहे. मी पेन घेतला अन् दोन नंबरवरचं माझं नाव खोडलं. एकदा नाही. दिसायले नको म्हणून परत परत. कागद फाटला.

पाण्याचं नाव घेऊन खोली घ्यावी म्हणून मी तुझ्याशी भांडली, ती हुशारी होती असं मी आजही म्हणीन. पण ही हुशारी नव्हती. हे भेव होतं, अन् माझं होतं, आईचं नाही. हात माझा होता.

सोमवारी मी तुले सांगितलंच नाही. फॉर्म पाकिटात घालून दिला. बाबूनं पाकिटातून काढला, उजेडात धरला, अन् म्हणाला, "मैडम, काट-छाँट वाला फॉर्म नहीं चलेगा. पूरा नया भरिए, सबके साइन नए." तू वाकून पाहिलं. दोन नंबरच्या जागी भोक होतं, त्यातून बाबूच्या टेबलाची काच दिसत होती. मले वाटलं आता ओरडशील. ओरडली असती तर बरं झालं असतं. तू बॉटल काढली, दोन घोट पाणी पिली, अन् बाबूले म्हणाली, "नया फॉर्म दे दीजिए."

सचिवानंच नाव काढलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांले माहीत झाली. नव्या फॉर्मवर नऊ जणांनी सही केली. दुर्गच्या उंच पोरानं नाही केली. तो माझ्याकडं पाहून म्हणाला, "आपने किया क्या, दीदी?" त्याचं काही चुकलं नाही.

त्यानंतर आपण बोललो नाही. तुझा मेसेज रोज यायचा, "पाणी?" सगळ्यांले जायचा तसा मले पण. मी उत्तर द्यायची नाही. लाजेनं, अन् थोडं रागानं पण. माणूस चुकलं की समोरच्यावरच कावून रागावते, कोणास ठाऊक. मले वाटायचं, तू फोन करून चिल्लावशील. तू चिल्लावली नाही.

डिसेंबरात पेपर सुरू झाले, थंडी पडली. दुसऱ्या पेपरात तू माझ्यापासून तीन रांगा पुढं होती. मी तुझी पाठ पाहत होती. स्वेटरवर स्वेटर घातलेलं. अर्ध्या वेळानं तुझी पाठ वाकली अन् तशीच राहिली, अन् मले कळलं. अख्ख्या खोलीत फक्त मले कळलं. तू हात वर नाही केला. मागच्या वेळचं तुझ्या डोक्यात होतं, मले माहीत आहे ना. अन् मी? मी उठून म्हणू शकत होती, मॅडम, हिले बाहेर जाऊ द्या, हिले सिकलसेल आहे, मले पण आहे. पेन हातात धरून मी बसून राहिली. दीड तास. पेपर देऊन तू बाहेर आली अन् कठडा धरून एकटी गेटकडं गेली, अन् मी तुझ्या मागं पळाली तोपर्यंत ऑटो निघून गेला होता.

दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी आली. काकूनं मले आत सोडलं अन् स्वतः बाहेर बाकावर बसल्या. तुझ्या तोंडावर मास्क होता, डोळे हळदीसारखे पिवळे, अन् काजळ नव्हतं. तुले काजळाशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं. तू मास्क थोडा बाजूले केला.

"आली का."

"हो वं. बोलू नको."

"विचारलं का त्याले?"

मी तुझा हात धरला होता. गरम होता. मी म्हटलं, "विचारलं. तपासणी केली त्यानं. काही नाही निघालं."

तू डोळे मिटले. मले वाटलं झोपली. मग म्हणाली, "मग बरं. तुझी पोरं बरोबर होतील." अन् हसली. अशी हसली की मले तिथून पळून जावं वाटलं. नर्सनं येऊन मास्क सरळ केला अन् मले बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बाबाचा फोन वाजला. तुझ्या घरचा होता.

तर हे मले तुले सांगायचं होतं. मी विचारलं नव्हतं. मी झूट बोलली, तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द झूट आहे. तुले बरं वाटावं म्हणून बोलली असं मी स्वतःले सांगून पाहिलं. पण तेवढंच नाही. मले पण बरं वाटाले पाहिजे होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याले फोन केला. दुपारी, गच्चीवर जाऊन. काकूंचे शब्द डोक्यात फिरत होते, अन् तुझं ते हसणं. माझी झूट खरी करावी एवढंच मनात होतं. मी म्हटलं, "एक विचारायचं होतं. तुम्ही सिकलसेलची तपासणी केली आहे का?"

त्यानं उलट विचारलं, "तुमच्या घरून विचाराले सांगितलं का?"

"नाही. मीच विचारून राहिली. मी एएस आहे."

"मी पण," तो म्हणाला.

मी गच्चीच्या भिंतीले टेकली. तो हळू आवाजात सांगत होता, बारावीत निघालं, एएसवाल्याले देतात ते सरकारी पिवळं कार्ड आहे, आईनं कपाटात ठेवलं आहे. "आई म्हणाली, पोरीकडचे विचारतील तर सांगू. तुम्ही विचारलंच नाही."

"आमच्या घरी पण तसंच ठरलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं तर."

दोन्ही घरी कपाटात कागद, दोन्ही घरी विचारायची वाट. तो चांगला माणूस आहे, त्यानं माझी माफी मागितली, मी त्याची मागितली. लगन मोडलं. आईले सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडून राहिली होती. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, आई उठली नाही. मग म्हणाली, "ती पोरगी विचारत होती ना तुले, विचारलं का म्हणून?" मी म्हटलं, हो. आईनं तुझं नाव घेतलं, पहिल्यांदा, अन् पदर तोंडाशी नेला.

नसतं विचारलं तर काय झालं असतं? एखादी पोरगी झाली असती मले, तुझ्यासारखी. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी भेव वाटते, अन् दर वेळी त्या पोरीचा लोभ पण सुटत नाही. तू मले हे भांडण देऊन गेली अन् स्वतः उत्तर न देता गेली. तरी तुझे उपकार आहेत माझ्यावर, मरेपर्यंत राहतील. तोंडावर म्हटलं असतं तर तू म्हणाली असती, "डायलॉग नको मारू, पाणी पी."

मागच्या आठवड्यात मी ऑफिसात गेली. बाबूनं जुनी फाइल काढली, तो भोकाचा फॉर्म अजून वरच होता. "वो अध्यक्ष मैडम नहीं आईं?"

"गुज़र गई."

त्यानं चष्मा काढला. "अरे. क्या हुआ था?"

समोर फॉर्म. त्यावर एक नंबरले तुझं नाव, तुझ्या अक्षरात. नाव होतं, म्हणून आजार सांगता येत नव्हता. काकूले मी मान हलवून बसली होती. ज्या ऑफिसात तू 'पाणी' म्हणायले तयार झाली नाही, त्याच ऑफिसात, तुझ्याच क्लबच्या फॉर्मसमोर उभी राहून मी म्हटलं, "पीलिया." बाबूनं तुझं नाव वाचलं, मग वर क्लबचं नाव वाचलं, अन् नवा फॉर्म दिला. "एक नंबर से शुरू कीजिएगा. खाली लाइन नहीं चलेगी."

जुना फॉर्म मी मागून घेतला. तो माझ्याजवळ आहे.

शनिवारी ओट्यावर सहा जण आले. लहानी पण आली. तुझी बॉटल घेऊन आली, ती निळी, झाकणाले तू दोरा बांधलेली. कोपऱ्यात बसली. मी तिच्यासमोर पेन काढला नाही, काढणार पण नाही. थोड्या वेळानं तिनं मले विचारलं, "दीदी, पाणी?" मी म्हटलं, "पिलं." मग आम्ही दोघी गेटपर्यंत संग गेलो.

मान्यता मिळाली नाही अजून. मिळेल का, माहीत नाही. पंचवीस लागतात अन् सहा आहेत. साहेब बदलून गेले, नवे साहेब पण मेडिकलचा मामला आहे म्हणतात. मी काही तू नाही. मले तुझ्यासारखं सहा-सहा महिने कोणाच्या मागं लागता येत नाही, मी लवकर चिडतो. पण एक नंबरची ओळ रिकामी ठेवता येत नाही, तर ती मी माझ्या नावानं भरली. तुझी जागा होती. आधी हात धजला नाही, मग लिहिलं. या वेळी खोडणार नाही.

काकूले दिलेला शब्द मी पाळला. पूर्ण लेख झाला अन् तुझं नाव कुठंच नाही, एखाद्या चोराचं लपवावं तसं लपवलं मी तुझं नाव, अन् तुझ्यावरच्या लेखात ते नाही याचं मले काय वाटते ते लिहून सांगता येत नाही. पण लेखाच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव लागते. त्याच्यापुढं काय लिहायचं हे कोणाले विचारायची गरज नाही मले. अंक मंडळाच्या घरोघरी जातो. आमच्या हुडकोतल्या तीन घरांत जातो, अन् तुमसरले पण जातो म्हणतात.

रोशनी देवराम कापगते
एएस